पाचव्या खिळ्यावरचा पडाव

रत्नागिरीत थोर माणसांची टंचाई कधीच नव्हती, टंचाई होती ती भिंतींची. शाळा घ्या, कचेरी घ्या, पतपेढी घ्या, जिथे म्हणून खिळा बसेल तिथून जिल्ह्याचं एखादं रत्न चष्म्याआडून आपल्याकडे बघत असायचं. ऐंशीच्या दशकात मी खाडीकडच्या एका लहानशा वाचनालयात ग्रंथपाल होते. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणं, परत न करणाऱ्यांच्या घरी जाऊन ती मागणं, पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून कपाटांत कडुनिंबाचा पाला ठेवणं आणि कार्यकारिणीच्या सभेला चहा सांगणं. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त असायचं, कारण आमची कार्यकारिणी वाचायची कमी आणि सभा घ्यायची फार.

वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला तेव्हा अध्यक्षांनी एक कल्पना काढली. अध्यक्ष म्हणजे एक वयस्क वकील. ते कोर्टातून निवृत्त झाले होते, वादातून नव्हे. त्यांचं म्हणणं असं की देशभर गाजलेली माणसं सगळ्यांच्याच भिंतींवर आहेत, ती आपण पुन्हा कशाला लावायची? आपण आपल्या आळीतली, आपल्या बंदरातली माणसं लावू. प्रत्येक समाजाचं एक. म्हणजे कुणी म्हणायला नको की आमचं कुणी नाही.

कल्पना चांगली होती, आणि आमच्याकडे चांगल्या कल्पनेवरून जेवढी भांडणं होतात तेवढी वाईट कल्पनेवरून होत नाहीत. तरी महिन्याभरात माणसं ठरली. अध्यक्षांचे आजोबा शास्त्रीबुवा, ज्यांनी व्याकरणावर मोठा ग्रंथ लिहिला होता आणि तो मी सोडून कुणी कपाटातून बाहेर काढला नव्हता, तेही झुरळं झटकायला. शाळेसाठी आपली माडांची वाडी देऊन टाकणारे एक भंडारी गृहस्थ. मुंबईच्या गिरणीत राबून इथे धर्मशाळा बांधणारे एक कुणबी. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले आणि बौद्धवाडीत पहिली शाळा भरवणारे एक जण. आणि पाचवा, मुसलमान मोहल्ल्यातला तांडेल.

तांडेलाची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ होती. त्या काळी मुंबईची आगबोट धक्क्याला लागत नसे. ती लांब समुद्रात उभी राहायची आणि उतारू पडावात बसून किनाऱ्यावर यायचे. पडाव म्हणजे शिडाची मोठी होडी, आणि ती हाकणारा तो तांडेल. एका वर्षी हंगाम संपता संपता भलतं वादळ उठलं. तांडेलाने पडावभर माणसं सुखरूप किनाऱ्याला आणली. त्यांत माझे आजोबा होते, म्हणून मी आहे. मग उरलेल्यांसाठी तो परत गेला. इकडे आगबोटीच्या कप्तानाने हवा बघून नांगर उचलला होता आणि उरलेल्या उतारूंना घेऊन तो जैतापूरला निघूनही गेला होता. तांडेल ज्यांच्यासाठी गेला ती माणसं तिथे नव्हतीच. तो परत आला नाही, आणि पडावाची एक फळीसुद्धा कुणाला मिळाली नाही. जैतापूरला उतरलेल्या त्या उतारूंत अध्यक्षांचे आजोबा होते. ते दुसऱ्या दिवशी बैलगाडीने घरी पोचले आणि छत्री बोटीत राहिल्याबद्दल पुढची कित्येक वर्षं हळहळत होते. अध्यक्ष ही छत्रीची हकिकत फार रंगवून सांगत.

आमचे खजिनदार बँकेत होते. त्यांनी सभेत शंका काढली की तांत्रिकदृष्ट्या पाहता दुसऱ्या खेपेत कुणीच वाचलेलं नाही. मी चहाचा ट्रे त्यांच्या पुढ्यात जरा जोरात ठेवला आणि शंका तिथेच संपली.

अध्यक्षांनी सुताराकडून फणसाच्या लाकडाच्या पाच सारख्या चौकटी करून घेतल्या आणि मग तांडेलाच्या घरी फोटो मागायला गेले. हा उलटा क्रम आमच्या कार्यकारिणीला शोभेसाच होता. बरोबर मला नेलं, कारण घरात बायका असतील. तांडेलाचा नातू नुकताच मस्कतहून आला होता. त्याने आम्हांला सरबत दिलं, मोठ्या टेपरेकॉर्डरचा आवाज बारीक केला आणि अदबीने सांगितलं, "वकीलसाहेब, आजोबांचा फोटो कवाच काढलेला नाय. आणि असता तरी आमी तसबीर लावत नाय. आमच्यात चालत नाय ते."

अध्यक्षांचा चेहरा पडला. चौकट तर झाली होती. रिकामी कशी टांगायची? त्यांनी समई सुचवली, मग उगवता सूर्य, मग नुसतंच नाव. नातू प्रत्येकाला मान हलवत होता, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळत नव्हतं. तेवढ्यात आतल्या दाराशी बसलेली म्हातारी बोलली. ती तांडेलाची मुलगी, या नातवाची फुपी, म्हणजे आत्या. आम्ही सगळे तिला खाला म्हणायचो. सत्तरीची असेल.

"पडाव काढा," ती म्हणाली. "बापूस गेला, पडावबी गेला. दोघांतला येक तरी डोळ्यांनी दिसूं दे."

मग ती माझ्याकडे वळली आणि अगदी बाजारहाटाचं बोलावं तशा आवाजात म्हणाली, "मी धक्क्यावर होते गो तवा. एवढीशी. परत जाताना मना म्हणालान, हितंच उभी ऱ्हा, हलूं नको, येतो. मी उभी ऱ्हायले. मग अंधार पडला तवा कुणीतरी मना उचलून घरी नेलान. मी येत नव्हते." आम्ही सरबत संपवलं. अध्यक्षांनी वहीत 'पडाव' एवढंच लिहून घेतलं.

चित्रं काढायला आमच्या आळीतलाच चित्रकार होता. तो दुकानांच्या पाट्या आणि टॉकीजची पोस्टरं रंगवायचा. त्याचा हात चांगला होता, पण नाक त्याला एकच येत होतं. शास्त्रीबुवांचा फोटो होता, भंडारी गृहस्थांचा होता, धर्मशाळावाल्यांचा एका घोळक्यातला होता आणि त्यात ते कुणाच्या तरी फेट्यामागे होते. सुभेदारांचा लष्करी वेषातला होता. चित्रं तयार झाली तेव्हा चौघेही एका आईची मुलं दिसत होते. चार समाजांचे चार थोर पुरुष, एक नाक, एक मिशी, एकच काळा कोट आणि डोळ्यांत त्या साली चाललेल्या सिनेमाच्या नायकाचा थोडा भाव. वारसांनी येऊन आपापला आजोबा बघितला आणि प्रत्येकाला तो हुबेहूब वाटला. मी चहा सांगायला गेले.

पडाव मात्र असा सुटला नाही. चित्रकाराच्या घरी जागा नव्हती, म्हणून तो वाचनालयातच कॅनव्हास लावून बसला, आणि बातमी बंदरावर गेली. ज्या माणसांनी उभ्या जन्मात वाचनालयाची पायरी चढली नव्हती ती मासळीची टोपली बाहेर ठेवून आत येऊ लागली. खारवी आले, भंडारी आले, दालदी मच्छीमार आले, राजिवड्यातले आले, मिरकरवाड्यातले आले. डोलकाठी पुढे झाली. डोलकाठी मागे झाली. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, इतकी उचललेली नसते म्हणून खाली आली, आणि इतकी पडलेलीही नसते म्हणून परत वर गेली.

"वारा कुठचा धरलायस रे?" एका खारव्याने विचारलं.

"वारा कसला?" चित्रकार म्हणाला. "मी चित्र काढतोय."

"मग शीड कशानं फुगलंय? तुझ्या बोलण्यानं?"

चित्रकाराने मागे दीपगृह काढलं होतं, शोभेसाठी. त्यावरून तर आठवडाभर रण माजलं. एक म्हणे, पडाव इथे असेल तर दीपगृह उजवीकडे दिसेल. दुसरा म्हणे, तू दिवसा कधी समुद्रात गेलायस का, ते डावीकडेच दिसतं. तिसरा म्हणे, त्या वेळी ते एवढं उंच नव्हतं. शेवटी चित्रकाराने निळ्या रंगाचा एकच मोठा फटकारा मारून दीपगृह पुसून टाकलं. राहिलं नुसतं पाणी आणि पडाव. जमिनीचं नाव नाही. मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने ते बराच वेळ न्याहाळलं, खिडकीबाहेर पान थुंकला आणि म्हणाला, "हां. आता हा बुडणार नाय." खरा मात्र कधीच बुडालेला होता.

आता आमचा हॉल कसा होता ते सांगायला हवं. हॉल कसला, एक लांबट खोली. एका टोकाला रस्त्याकडचं दार, दुसऱ्या टोकाला खिडकी, आणि खिडकीतून खाडीचं तोंड आणि पुढे समुद्र. दारातून आत आलं की उजव्या हाताला मोकळी भिंत आणि डाव्या हाताला पुस्तकांची कपाटं. अध्यक्षांनी उजवी भिंत ठरवली. ती उत्तरेची. म्हणजे तिच्यावरच्या तसबिरी दक्षिणेकडे बघणार, आणि दिवंगतांनी दक्षिणेकडेच बघायचं असतं असं त्यांच्या घरात चालत आलेलं होतं. मग खिळ्यांवरून जुंपली. दाराजवळचा तो मानाचा खिळा. तो कुणाचा? सभेमागून सभा झाल्या, मी चहामागून चहा सांगितले, दूधवाल्याची भरभराट झाली. अखेर जो सगळ्यात जास्त वेळ बोलू शकतो त्याचा आजोबा दाराजवळ गेला. तांडेलाचा नातू म्हणाला, "आमाला कुठचाबी खिळा चालेल." म्हणून पडाव पाचव्या खिळ्यावर गेला, खिडकीपाशी.

अनावरण थाटात झालं. पाहुण्यांनी पाचही चौकटींना हार घातले. चौघांच्या गळ्यात हार म्हणजे ते वारलेले दिसत होते. पडावावर हार म्हणजे नारळी पुनव वाटत होती. अध्यक्ष पहिल्या तसबिरीपुढे डोळे मिटून हात जोडून उभे राहिले. माझ्या शेजारी सुभेदारांचा नातू उभा होता, पोस्टात कामाला. तो हळूच म्हणाला, "ताई, ते आमचे आजोबा." गड्याने खालच्या नावाच्या पाट्यांवरून तसबिरी लावल्या होत्या आणि पाट्या चित्रकारानेच अदलाबदल करून चिकटवल्या होत्या. मी पुढे व्हायला निघाले तर त्याने मला थांबवलं. "राहू दे हो आजच्या दिवस. बरं दिसतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी पाट्या बदलल्या, तसबिरीही बदलल्या आणि जगात कुणालाही काही कळलं नाही.

खाला अनावरणाला आली नव्हती, गर्दी नको म्हणून. पाट्या बदलल्या त्याच दिवशी दुपारी नातवाने तिला रिक्षाने आणलं. वाचनालय रिकामं होतं. एक पेन्शनर पेपर तोंडावर घेऊन झोपला होता. खाला चौघांपुढून न थांबता गेली आणि पडावापुढे उभी राहिली. चष्मा पुसला, परत लावला. शिडावरच्या ठिगळाला बोट लावलं. ते ठिगळ कुठे होतं हे तिनेच चित्रकाराला सांगून पाठवलं होतं. "बरोबर," ती म्हणाली. मग दोराला बोट लावलं. "बरोबर." सुकाणूला लावलं. "बरोबर." मला इतकं बरं वाटलं की मी चहा सांगायला उठले, आणि या वेळी खुशीने.

"पण हा जातोय," खाला म्हणाली.

मला कळेना. मी म्हटलं, "खाला, चित्रातला पडाव तो. आहे तिथेच आहे."

"नाळ बघ कुटं हाय." तिने बोट नाळेपासून पुढे नेलं, चौकटीच्या बाहेर, भिंतीवरून, थेट खिडकीपर्यंत. खिडकीत दुपारचा समुद्र होता. "दर्याकडं तोंड हाय. जातोय हा. जाताना बघितलाय मी. मना येताना बघायचाय."

ती रागावलेली नव्हती. तिने माझा हात दाबला, चित्र छान झालंय असं चित्रकाराला सांगायला सांगितलं आणि नातवाला धरून बाहेर गेली. मी त्या पाचव्या खिळ्यापुढे उभी राहिले आणि मला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला, कारण तेवढ्यात पेन्शनर जागा झाला.

सभा त्याच आठवड्यात बोलावली. ती मी बोलावली, आणि ग्रंथपालाला सभा बोलावण्याचा अधिकार आहे का यावर पहिली काही मिनिटं गेली. मग मी खालाचं म्हणणं सांगितलं. त्यानंतर सूचना सुरू झाल्या.

एक जण म्हणाला, खिडकी बंद करू. मी म्हटलं, खिडकी बंद केल्याने समुद्र हलतो का? एक म्हणाला, पडाव येतोय असं तिला सांगून टाकू, म्हातारं माणूस आहे. मी म्हटलं, चौघांची खरी नाकं कुणी बघितलेली नाहीत म्हणून खपली, तिने तो पडाव बघितलाय. खजिनदारांनी बराच विचार करून चौकट उलटी टांगण्याचं सुचवलं. त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहायला थोडा वेळ लागला. राहिल्यावर ते आपण होऊन म्हणाले, "नको."

चित्रकाराला बोलावलं. नाळ दुसऱ्या बाजूला करून नवं चित्र काढशील का म्हणून विचारलं. त्याने दोन्ही हात कोपरापासून जोडले. "नाळ फिरवली की शीड फिरतं. शीड फिरलं की दोर फिरतो. दोर फिरला की सगळं बंदर परत माझ्या बोकांडी बसणार. माझ्या बायकोला विचारा, मी झोपेत वारा कुठचा म्हणून ओरडतो. पाहिजे तर पाच शास्त्रीबुवा फुकट काढून देतो."

मग मी जे चार दिवस मनात घोळवत होते ते बोलले. पडाव समोरच्या भिंतीवर लावला तर? तिथे त्याची नाळ आपोआप दाराकडे होते. समुद्राकडून आत, गावाकडे. कॅनव्हासवर ब्रश लावायला नको.

सगळ्यांनी माना वळवून समोरची भिंत बघितली. ती दक्षिणेची. तिच्यावर कपाटं, कपाटांत जुन्या मासिकांचे गठ्ठे, आणि कपाटांमागे ओल. शिवाय एकटा पडाव तिकडे नेला तर चौघे इकडे आणि तो समोर एकटा. "आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केल्यासारखा दिसेल," अध्यक्ष म्हणाले, आणि ते खरं होतं. म्हणजे न्यायचे तर पाचही न्यायला हवेत. म्हणजे कपाटं हलवायची. म्हणजे खिळे नव्याने. म्हणजे मानाचा खिळाही नव्याने, आणि दिवंगतांची तोंडं उत्तरेला. मी मनातल्या मनात येत्या वर्षभराचा चहा मोजू लागले. सगळे अध्यक्षांकडे बघत होते.

अध्यक्षांनी चष्मा काढला. तो धोतराने पुसला. ते बोलायला एरवी कधी वेळ लावत नसत.

"अगो, आमचे आजोबा जैतापूरला उतरले," ते म्हणाले. "ती छत्रीची गोष्ट मी तुम्हांला शंभरदा सांगितली आहे. हसलात तुम्ही सगळे. मीही हसलो. पण तो परत गेला तो कुणाला आणायला?"

बाहेर रस्त्यावर एक रिक्षा हॉर्न वाजवत होती, ती गेली.

"मला व्याकरणाचा ग्रंथ मिळाला, घर मिळालं, वकिली मिळाली," अध्यक्ष म्हणाले. "तिला काय मिळालं? आता कपाटं कुणी कुठून धरायची तेवढं बोला."

आमच्या कार्यकारिणीने त्या दिवशी केलं तेवढं काम ना आधी कधी केलं होतं, ना नंतर. सुभेदारांच्या नातवाने शर्ट काढून ठेवला. खजिनदारांनी मासिकांचे गठ्ठे डोक्यावरून नेले आणि त्यांच्या टकलावर वाळवी सांडली. कपाटं उत्तरेला गेली. ओलीवर चुना मारला. पडाव पुन्हा खिडकीच्याच बाजूला लावला, कारण येणारा समुद्राकडूनच येणार आणि त्याला पुढे जागा हवी. बाकीचे चौघे दारापर्यंत, कुणाच्या हाताला जो लागला तो त्या खिळ्यावर. कोण पहिला नि कोण चौथा हे कुणी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की शास्त्रीबुवा गळक्या कौलाखाली आले होते. पुढच्या पावसात त्यांच्या मिशीला खरीखुरी बुरशी धरली. अध्यक्ष ती दर आठवड्याला स्वतः रुमालाने पुसत, पण खिळा बदला असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

भिंत वाळल्यावर मी खालाला निरोप धाडला. ती परत दुपारचीच आली, नातवाबरोबर रिक्षाने. अध्यक्ष आधीपासून येऊन पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. पेपर कालचा होता. खाला दारातून आत आली आणि दोन पावलांवर थांबली. पडावाची नाळ तिच्याकडे होती. पाठीमागच्या खिडकीत समुद्र होता, आणि ठिगळ लावलेलं शीड फुगवून पडाव त्याच्याकडे पाठ करून निघाला होता.

ती तिथेच उभी राहिली. खुर्ची दिली तर तिने मान हलवली. कितीतरी वेळ ती उभी होती. अध्यक्षांनी पेपरचं पान उलटलं नाही. मग तिने ओढणी सारखी केली.

"आला," ती म्हणाली. "चला आता घरी."

तिचे गुडघे दुखत असणार म्हणून नातू पुढे झाला आणि पायरीवरून तिला उचलून घ्यायला वाकला. तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"उचलूं नको मना," ती म्हणाली. "आता माजी मी जाते."